बोहेमियन ऱ्हॅप्सडी

क्वीन या ब्रिटिश बँडचे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे रॉक गाणे. गीत व संगीत फ्रेडी मर्क्युरी. ईएमआय कंपनीने ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी सिंगल, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र तबकडी, म्हणून प्रसिद्ध केले. मर्क्युरीचे मूळ नाव फरोख बलसारा. झांझिबारच्या पारशी कुटुंबातला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या शालेय बँडमध्ये पियानो वाजवायचा.

गाण्याला ध्रुवपद नाही. वाद्यांविना समूहस्वर, पियानोवरचे संथ गाणे, गिटारचा एकल तुकडा, ऑपेराच्या धर्तीचा भाग, दणदणीत रॉक आणि पुन्हा संथ शेवट, असे सहा भाग सलग येतात. सुरुवातीचा समूहस्वर बँडमधल्या चौघांचा वाटतो. प्रत्यक्षात ते एकट्या मर्क्युरीच्याच आवाजाचे थर आहेत.

ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत निर्माता रॉय थॉमस बेकर याच्यासह काम सुरू झाले. आधी पियानो, बेस आणि ड्रम्स मुद्रित झाले. ऑपेराच्या भागासाठी टेपवर कोरी जागा सोडली होती, पण मर्क्युरी नवनव्या ओळी आणत गेला आणि तो भाग वाढतच गेला. एवढ्यालाच सुमारे तीन आठवडे लागले. वरच्या पट्टीत ड्रमर रॉजर टेलर, मधल्या पट्टीत मर्क्युरी, खालच्या पट्टीत गिटारवादक ब्रायन मे. प्रत्येक ओळ तिघांनी पुन्हा पुन्हा गायची. टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायच्या समांतर जागा, २४च. ते भरले की आवाजांचे मिश्रण करून मोजक्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचे थर चढवायचे. यातली मेख अशी, की एकदा मिसळलेला आवाज वेगळा काढता येत नाही. एखादा सूर वरचढ झाला तर अख्खा थर नव्याने गावा लागतो. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर टेपची खरखर वाढते आणि वरच्या कंप्रता, म्हणजे आवाजातले उंच सूर, बोथट होतात. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा आवाज साठवणारा ऑक्साइडचा लेप झडून पलीकडचे दिसू लागले. आज संगणकावर हवे तितके ट्रॅक मिळतात. इथे मात्र प्रत्येक तोल त्या क्षणीच ठरवावा लागला आणि या गाण्याची खरी कमाई तीच आहे.

रेडिओसाठी गाणे फार लांब, अशी धास्ती होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते वारंवार वाजवले आणि मागणी वाढली. नोव्हेंबरमध्ये ब्रूस गोवर्सच्या दिग्दर्शनाखाली एल्स्ट्री स्टुडिओत काही तासांत त्याचा व्हिडिओ चित्रित झाला. ब्रिटनमध्ये गाणे ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मर्क्युरीच्या निधनानंतर, १९९१ अखेरीस, ते पुन्हा पहिले आले. अमेरिकेत ते १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत चढले होते; १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटात वापरल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर पोचले.

मंचावर चौघांना ऑपेराचा भाग गाणे शक्यच नव्हते. म्हणून तेवढा वेळ बँड आत जाई, मुद्रित टेप वाजे आणि टेलरच्या तारस्वरानंतर रॉकचा भाग सुरू होताच सगळे पुन्हा मंचावर येत.