हेडसरांची केबिन आणि मॅडमची खोली

आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात माझं टेबल दोन दारांच्या मधे येतं. डावीकडं हेडसरांची केबिन. उजवीकडं, जिथं पूर्वी गॅदरिंगचे पडदे आणि मोडकी बाकं पडलेली असायची, तिथं आता समुपदेशक मॅडम बसतात. मी लिपिक. त्यामुळं चुकीचं दार विचारणारी माणसं आधी माझ्यापाशी येतात.

मागं एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. कोल्हापुरात माणूस बोलायला मोकळा, पण शाळेत आला की अर्जच लिहितो. फुलस्केप कागद, वर ‘मा. मुख्याध्यापक सो. यांचे सेवेशी’, आणि खाली विषय : ‘मुलगा घरात बोलत नसलेबाबत.’ आवकचा शिक्का माझ्या हातात होता. तो उठवला असता तर त्या कागदाला नंबर पडला असता, रजिस्टरला ओळ चढली असती, आणि दहा वर्षांनीसुद्धा कुणीतरी ती वाचू शकलं असतं. मी शिक्का खाली ठेवला, अर्ज घडी घालून परत दिला आणि उजवीकडचं दार दाखवलं.

“तिकडं नको साहेब,” ते म्हणाले, “तिकडं गेलं की दाखल्यावर लिवत्यात म्हणं.”

हा गैरसमज गावभर आहे, म्हणून आधी तोच मिटवतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो, हे खरं. तो हेडसरांच्या सहीनं भरला जातो आणि तिथं शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांना ‘चांगली’ असंच लिहिलेलं असतं. मॅडमकडं कोण गेलं, कशासाठी गेलं, याला दाखल्यावर रकानाच नाही. प्रगतीपुस्तकात नाही, जनरल रजिस्टरातही नाही. मॅडमच्या नोंदी त्यांच्या कुलपातल्या कपाटात असतात आणि त्याची किल्ली माझ्या जुडग्यात नाही. शाळेत माझ्याकडं किल्ली नसलेलं ते एकच कपाट.

लोक म्हणतात, एक दार कडक आणि एक मऊ. मला ते पटत नाही. आमचे हेडसर बघितले तर पोरांवर आवाजसुद्धा चढवत नाहीत, आणि मॅडम वेळप्रसंगी बापाला चार शब्द सुनावतात. खरा फरक शाईचा आहे. डावीकडं बोललेलं लिहिलं जातं, त्याला जावक क्रमांक पडतो आणि ते बाहेर जातं. उजवीकडं बोललेलं आत राहतं. (याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. पुढं सांगतो.)

हेडसरांचा दिवस सहीनं सुरू होतो आणि सहीनं संपतो. परिपाठाला ते मैदानावर उभे असतात तेव्हाच शिपाईमामा कानाशी सांगतात की आज दोन शिक्षक रजेवर आहेत. मग ऑफ तास कुणाच्या गळ्यात घालायचे, हा पहिला हिशेब. त्यानंतर मस्टर. मग पोषण आहार. तो आठवीपर्यंतच्या मुलांना असतो, पण वाढण्याआधी चव बघून नोंद करायची असते. मग कॉम्प्युटरवरचं भरणं : पगाराच्या बिलांसाठी शालार्थ, शाळेच्या माहितीसाठी यू-डायस, आणि संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यासाठी, पोरांचं आधार. पोराचं आधार जुळलं नाही तर ते समोर बाकावर बसलेलं असूनही मोजणीत येत नाही, आणि मोजणीत पोरं कमी भरली की शिक्षकाचं पद जातं. म्हणून हेडसर जून-जुलैत गणिताच्या तासापेक्षा आधारकार्डावरच्या स्पेलिंगवर जास्त बोलतात. त्यात त्यांना स्वतःचे तासही घ्यायचे असतातच.

या खुर्चीवर बसायला पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं बी.एड.नंतरची. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तसं लिहिलेलं आहे. म्हणजे नियम शिक्षक मागतो आणि काम कारकुनाचं पदरात पडतं. अकरावी-बारावी जोडलेली असली तर केबिनच्या पाटीवर ‘प्राचार्य’ येतं. कागद मात्र कमी होत नाहीत.

पण या कागदांना हसू नका. २०२३ च्या शेवटाला कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा जुनी जनरल रजिस्टरं माळ्यावरून खाली आली. वाळवी लागलेली पानं, काही मोडी लिपीत लिहिलेली, आणि आमच्यापैकी कुणालाच मोडी वाचता येईना. कधीकाळी एखाद्या हेडमास्तरानं एका ओळीत लिहिलेली जात आज नातवाच्या प्रवेशाला कामाला येते. मुलीचं आडनाव चुकलंय, जन्मतारीख चुकलीय, तर तेही इथंच. पण ती शाळेत शिकत असतानाच केलेलं बरं, आणि तेसुद्धा शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं. दहावीचा निकाल लागल्यावर लोक पेढे घेऊन येतात आणि त्याच वेळी चुकीचं स्पेलिंग दाखवतात. तेव्हा ते काम फार अवघड होऊन बसतं. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म, हॉल तिकिटाची सही, फुटबॉल किंवा कुस्ती खेळणाऱ्या पोराच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव, हे सगळं डावीकडचं.

पावसाळ्यात अजून एक काम वाढतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांकडं, म्हणजे धोक्याच्या खुणेकडं, सरकली की हेडसरांचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. सुट्टी जिल्हाधिकारी देतात, पण “उद्या शाळा हाय का?” हे पालक हेडसरांनाच विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूरग्रस्तांची सोय शाळांतून करावी लागली. तेव्हा वर्गाच्या किल्ल्या, पाणी, सतरंज्या, संडासाची सफाई, सगळं मुख्याध्यापकांच्या माथी.

आणि पूर ओसरल्यावर उजवीकडचं काम सुरू होतं. शाळा भरली, फळे पुसले, पण पावसाचा आवाज वाढला की एखादी मुलगी खिडकीकडं बघत बसते, पेन चालत नाही. तिला कुठल्याच रजिस्टरात जागा नाही. हजेरीत ती ‘हजर’ असते.

मॅडमच्या कामाला घंटा नाही. वेळापत्रकात त्यांचे जीवनकौशल्याचे तास आहेत, पण खरी गर्दी मधल्या सुट्टीत. पोरं सरळ येतच नाहीत. आधी दोघं येतात, ‘सोबत’ म्हणून. मग त्यातला एक तिसऱ्या दिवशी एकटा येतो. पहिली दहा मिनिटं फुटबॉलात पाटाकडील का शिवाजी, कुठला संघ जिंकला, यावरच जातात. मला पूर्वी वाटायचं, ह्या पगार घेऊन गप्पा मारतात. आता वाटत नाही. त्या गप्पांत पोरगं किती झोपतं, कुणाबरोबर डबा खातं, घरात कुणाचा आवाज चढतो, हे सगळं येऊन जातं. उपदेश मात्र नावाला. आपल्याकडं ‘समुपदेशन’ या शब्दातच उपदेश दडलेला आहे, म्हणून पालकांना वाटतं मॅडम पोराला चार गोष्टी सांगतील आणि ते सुधारेल. प्रत्यक्षात मॅडम ऐकतात जास्त.

त्या डॉक्टर नाहीत, हेही नीट सांगायला पाहिजे. मानसशास्त्र आणि समुपदेशन शिकलेली व्यक्ती गोळ्या लिहून देत नाही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवते. इथं सीपीआरचं, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं, नाव काढलं की पालक दचकतात. “वेड लागलंय व्हय माझ्या पोराला?” मॅडम तेव्हा फक्त पाणी पुढं करतात आणि पुन्हा पहिल्यापासून समजावतात. दाराशेजारी दोन नंबर चिकटवले आहेत : १०९८ मुलांच्या मदतीचा, आणि १४४१६ टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवरून मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. शाळा सुटल्यावरही ते लागतात, म्हणून.

दहावीच्या कल चाचण्या झाल्या तेव्हा अनेकांना वाटलं की समुपदेशन म्हणजे ‘सायन्स का कॉमर्स’ सांगणं. ते कामाचं एक टोक आहे, बस्स.

आता दोन्ही दारं जिथं एकमेकांना लागतात तिथं या. एक मुलगा तोंडी उत्तरं खडाखडा देतो, पण लिहायला बसला की अक्षरं उलटीसुलटी. शिक्षक म्हणतात आळशी, बाप म्हणतो मोबाईल. मॅडमना शंका येते ती अध्ययन अक्षमतेची. त्यांची शंका म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तपासणी मान्यताप्राप्त रुग्णालयात होते आणि प्रमाणपत्रही तेच देतात. पण बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रस्ताव हेडसरांच्या सहीनंच कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातो, तोही मुदतीत. ओळखणं उजवीकडं, पाठवणं डावीकडं. पालक फेब्रुवारीत जागे होतात आणि तेव्हा दोन्ही दारं त्यांना सारखीच बंद वाटतात. शंका असेल तर आठवी-नववीतच या. एवढं एकच वाक्य मला फळ्यावर लिहून ठेवायचं आहे.

आणि तो अपवाद. मॅडम पोराचं गुपित ठेवतात, पण सगळं नाही. जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर पालकांना आणि हेडसरांना सांगावं लागतं, आणि हे त्या पोराला आधीच सांगून ठेवतात. लैंगिक अत्याचाराचं असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवणं ज्याला माहीत झालं त्याचं काम, मग तो शिपाई का असेना. ‘मी हेडसरांना सांगितलं, माझं काम झालं’ हे चालत नाही, आणि ‘संस्थेला विचारून बघतो’ हेही नाही. न कळवण्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा हाताखालच्या माणसानं केला आणि संस्थेच्या प्रमुखानं तो कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत. या एका ठिकाणी दोन्ही दारांतला फरक संपतो.

गोंधळ घालण्यात शाळाही मागं नाहीत. वर्गात दंगा केला की “चल, मॅडमकडं पाठवतो तुला!” छडीला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आली, तर काहींनी समुपदेशनाचीच छडी केली. एकदा शिक्षा म्हणून पाठवलेलं पोरगं गरज म्हणून पुन्हा त्या दारात येत नाही. दुसरी खोड म्हणजे एखाद्या शिक्षकालाच समुपदेशक नेमणं. माणूस कितीही चांगला असो, सकाळी पेपरवर लाल रेघ मारणाऱ्याला पोरगं दुपारी घरातलं काय सांगणार? अनुदानित शाळांची अडचण मला माहीत आहे. संचमान्यतेत शिक्षक, लिपिक मोजतात, समुपदेशकाचा रकाना दिसत नाही. आमच्या मॅडमचा पगार संस्था कशीबशी काढते. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलंय. पैसे कोण देणार, हे विचारायला लोक माझ्याच टेबलापाशी थांबतात.

परवाचीच गोष्ट. नववीतल्या पोराचा दाखला मागायला त्याचे वडील आले. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’. गुजरीत, सराफ बाजारात, ओळखीच्या दुकानात कामाला लावायचं ठरलं होतं. दाखला मागितला तर तो हेडसरांनीच द्यायचा, मॅडमना तो अधिकार नाही. हेडसरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “देतो की. पण आधी तुम्ही दोघं जरा पलीकडं बसून या.” बापलेक उजवीकडं गेले. पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा पोराचे डोळे लाल होते आणि वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, “सोमवारी येतो.”

अर्ज माझ्या ट्रेमध्ये आहे. सोमवार होऊन गेला. त्यावर अजून आवकचा शिक्का मी मारलेला नाही.