कॅन : उत्तरकालीन अल्बमांची पुनर्प्रकाशने

पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅन’ या प्रयोगशील रॉक बँडने १९७६ पासून काढलेले अल्बम आणि त्यांच्या पुढे निघालेल्या सुधारित आवृत्त्या. ‘फ्लो मोशन’ (१९७६), ‘सॉ डिलाइट’ (१९७७), ‘आउट ऑफ रीच’ (१९७८), ‘कॅन’ (१९७९) आणि पुनर्मीलनातून आलेला ‘राइट टाइम’ (१९८९) हे अल्बम या गटात मोडतात. बँडची ख्याती मुख्यतः ‘टागो मागो’ (१९७१) ते ‘फ्यूचर डेज’ (१९७३) या काळावर उभी आहे. त्यामुळे नंतरच्या ध्वनिमुद्रिकांकडे अनेक वर्षे उताराचा काळ म्हणूनच पाहिले गेले. हे मत पूर्ण चुकीचे नाही. सरसकट लावले तर मात्र अन्यायाचे ठरते.

होल्गर चुकाय (बास) व इर्मिन श्मिट (कीबोर्ड) हे दोघे संगीतकार श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी. मिखाएल कारोली (गिटार) आणि जॅझमधून आलेले याकी लीबेत्साइट (ड्रम) यांच्यासह हे चौघे बँडचा कणा होते. कोलोनजवळच्या वायलर्स्विस्ट गावातील एका जुन्या चित्रपटगृहात त्यांचा ‘इनर स्पेस’ स्टुडिओ होता. तेथे तासन्‌तास एकत्र वाजवायचे, ते दोनच ट्रॅकवर (टेपवरील स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर) टिपायचे आणि मग चुकाय यांनी टेप कापून-जोडून रचना घडवायची, अशी त्यांची रीत होती. दोन ट्रॅकवर मागाहून कुणाचा आवाज कमीजास्त करण्याची सोय जवळजवळ नसते. त्यामुळे वाजवतानाच प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकून हात आवरावा लागे. ‘लँडेड’च्या (१९७५) वेळी सोळा ट्रॅकचे यंत्र आले आणि प्रत्येकाचे वादन वेगळे टिपता येऊ लागले. ध्वनी स्वच्छ झाला, पण एकमेकांत गुंतलेले जुने वादन विरळ होत गेले. उत्तरकाळातील बदलाचे खरे मूळ नव्या शैलींच्या आकर्षणापेक्षा या यंत्रात अधिक शोधावे लागते.

‘फ्लो मोशन’मधील ‘आय वॉन्ट मोअर’ हे नाचायला लावणारे गाणे ब्रिटनच्या विक्री यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत गेले. पुढल्याच वर्षी ‘ट्रॅफिक’ या ब्रिटिश बँडमधील दोघे सामील झाले : जमैकाचे बासवादक रॉस्को जी आणि घानाचे तालवादक रीबॉप क्वाकू बाह. बास जी यांच्याकडे गेल्यावर चुकाय यांनी शॉर्टवेव्ह रेडिओ, टेलिफोन आणि टेप यांतून ध्वनी मिसळण्याचे काम घेतले. ‘सॉ डिलाइट’मधील सुमारे पंधरा मिनिटांची ‘अ‍ॅनिमल वेव्हज’ ही रचना या प्रयोगाचे उत्तम फळ आहे. तिच्यातील दूरवरून तरंगत येणारे आवाज ऐकले, की या काळाला निव्वळ ऱ्हास म्हणवत नाही.

‘आउट ऑफ रीच’मध्ये चुकाय नाहीत. दोन गाणी जी यांची आहेत, आणि चांगले वादक असूनही अल्बम विस्कळीत वाटतो. पुढच्या ‘कॅन’मध्ये (हाच ‘इनर स्पेस’ नावानेही ओळखला जातो) चुकाय परतले, पण केवळ टेपच्या संकलनापुरते. ऑफेनबाखच्या प्रसिद्ध कॅनकॅन धुनेची थट्टा याच अल्बममध्ये आहे. तो संगीतकार जन्माने कोलोनचाच. त्यानंतर बँड थांबला. गंमत अशी, की १९७९ मध्येच आलेल्या चुकाय यांच्या ‘मूव्हीज’ या स्वतंत्र अल्बमवर हेच जुने सहकारी वाजवताना ऐकू येतात. ‘राइट टाइम’साठी मूळ गायक माल्कम मूनी परतले. त्याचे ध्वनिमुद्रण १९८६ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये झाले, प्रकाशनाला मात्र तीन वर्षे लागली.

बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क ‘स्पून रेकॉर्ड्‌स’ ही त्यांची स्वतःची कंपनी सांभाळते. तिची सूत्रे श्मिट यांच्या पत्नी हिल्डेगार्ड श्मिट यांच्याकडे राहिली. ब्रिटनच्या ‘म्यूट’ कंपनीसह २००४ पासून टप्प्याटप्प्याने रिमास्टर केलेल्या (मूळ टेपवरून ध्वनी नव्याने सुधारलेल्या) आवृत्त्या निघाल्या आणि २००६ मध्ये उत्तरकालीन अल्बमांची पाळी आली. त्या हायब्रिड सुपर ऑडिओ सीडीवर होत्या. अशा तबकडीत दोन थर असतात : एक नेहमीच्या सीडी प्लेअरवर वाजणारा, दुसरा खास प्लेअरवरच वाजणारा, ध्वनीचे सेकंदाला सुमारे २८ लाख नमुने घेणाऱ्या एक-बिट पद्धतीचा. जुन्या सीडींच्या तुलनेत बास आणि तालवाद्ये येथे ठळक झाली. याचा सर्वाधिक लाभ ‘सॉ डिलाइट’ला मिळाला, कारण त्यात लीबेत्साइट आणि रीबॉप यांचे ताल सतत एकमेकांवर चढत असतात. सुटे-सुटे टिपलेले वादन एकजीव करणे मात्र रिमास्टरिंगच्या आवाक्याबाहेरचे होते.

२००६ च्या त्या संचात ‘आउट ऑफ रीच’ नव्हता. बँडने तो जवळपास नाकारलाच होता. पुनर्प्रकाशन म्हणजे सगळा साठा जसाच्या तसा बाजारात आणणे नव्हे, तर कलावंतांनी स्वतःच्या कामाची केलेली निवडही असते, हे यातून दिसते. श्रोत्यांची मात्र त्यात अडचण झाली : सर्वांत वादग्रस्त अल्बम वाईट का, हे पडताळण्याची सोय या संचात उरली नाही. अखेर २०१४ च्या सुमारास तोही स्पूनच्या यादीत परतला. तो ऐकल्यावर बँडचा जुना निर्णय बराचसा पटतो. कारोली यांच्या गिटारवादनासाठी मात्र काही जागा पुन्हा ऐकाव्याशा वाटतात.