छेद "उडवता" येतो म्हणे!

क्लासमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, दादा-ताईंच्या जुन्या वह्यांत एक ट्रिक वर्षानुवर्षं फिरतेय: बैजिक अपूर्णांकांची बेरीज आली की लसावि काढा, त्याने सगळ्याला गुणा, छेद गायब, उत्तर तयार. चूक आहे हो हे.

३/क्ष + २/(क्ष+१) घ्या. लसावि क्ष(क्ष+१), त्याने गुणलं की ५क्ष+३ येतं आणि पोरं खुश होऊन खाली दोन रेघा मारतात. आता क्ष=१ टाकून बघा ना, मूळ बेरीज ३+१ म्हणजे ४ आणि तुमचं उत्तर ८! दुप्पट कुठून झालं, तर तुम्हीच २ ने गुणलंत की, कारण क्ष=१ ला लसावि २ च होतो. खरं उत्तर (५क्ष+३)/[क्ष(क्ष+१)], म्हणजे ८/२, बरोब्बर ४.

ही ट्रिक आली समीकरणांतून. तिथे "= ४" असं काहीतरी असतं, दोन्ही बाजूंना गुणलं की तराजू सरळच राहतो, म्हणून छेद जातो (फक्त छेद शून्य करणारी किंमत उत्तरात घ्यायची नाही). नुसत्या बेरजेत दुसरं पारडंच नाही, मग छेद ठेवायचाच.

वजाबाकीत तर अजून एक गंमत, ५/क्ष − (क्ष−२)/क्ष चं उत्तर निम्मी पोरं (३−क्ष)/क्ष लिहितात कारण कंस घालायचा कंटाळा, पण ५−(क्ष−२) म्हणजे ७−क्ष, तेव्हा उत्तर (७−क्ष)/क्ष.