आरव्हीतला फ्रिज आणि घरातला फ्रिज: दार सारखं, पोट वेगळं

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची आरव्ही, चाकांवरचं घर, घेऊन अमेरिकेतल्या ऑस्टिनला नणंदेकडे गेलो. घरात पाहुणे मावत नव्हते, म्हणून आम्ही चौघं ट्रेलरमध्येच झोपत होतो. ट्रेलर तिच्या उतरत्या ड्राइव्हवेवर उभा, गॅरेजमधून वायर ओढून त्याला वीज दिलेली. फ्रिजमध्ये श्रीखंड, भिजवलेली मटकी आणि उरलेल्या सारणाचा डबा. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत गारवा नाही, आणि नाकात झोंबणारा वास. हा वास मी लहानपणापासून ओळखते. रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यावरून जाताना अधूनमधून यायचा तोच, अमोनियाचा. बाहेरच्या बाजूची जाळी काढून आत टॉर्च मारला, तर काळ्या नळ्यांच्या एका सांध्याखाली हळदीसारखी पिवळी पूड साचलेली दिसली.

तोवर मी असंच धरून चालले होते की आरव्हीतला फ्रिज म्हणजे घरातल्या फ्रिजचा धाकटा भाऊ. दार तसंच, आत दिवा तसाच, वर फ्रीझर, खाली भाजीचा कप्पा. बिघडला तर दुकानातून नवीन आणून त्या खोबणीत बसवायचा, एवढंच काम वाटत होतं. पण ही दोन यंत्रं नात्यातलीसुद्धा नाहीत. घरातला फ्रिज मोटरवर चालतो, आरव्हीतला जुन्या पद्धतीचा फ्रिज चक्क आचेवर चालतो. एक काढून दुसरा बसवायचा म्हणजे चुलीचं जळण बदलण्यासारखं आहे. भांडी तीच राहतात, पण सरपण कुठून येणार हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आचेवर गारवा कसा तयार होतो, हे मला समजायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. या फ्रिजच्या पाठीला नळ्यांचं एक बंद जाळं असतं. त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. तळाशी एक लहान बर्नर, बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत, किंवा तिच्या जागी विजेवर तापणारी कांडी. उष्णतेने पाण्यातला अमोनिया आधी उकळून वर जातो. वर पंख्यांच्या पात्यांसारख्या पत्र्यांच्या नळीत तो निवून द्रव होतो आणि फ्रीझरमागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असतो, त्यामुळे अमोनियाचा स्वतःचा दाब खूप कमी पडतो आणि तो झपाट्याने पुन्हा वायू होतो. वायू होताना लागणारी उष्णता तो फ्रिजमधल्या दुधा-दह्यातून ओढून घेतो. मग खाली येऊन पाण्यात विरघळतो, हलका हायड्रोजन सुटून वर परततो, आणि चक्र पुन्हा सुरू. यात हलणारा भाग एकही नाही. सगळं आचेने वर चढतं आणि आपल्या वजनाने खाली उतरतं. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही रचना शोधली. आवाज होत नाही म्हणून हॉटेलच्या खोल्यांतल्या मिनीबारमध्येही हीच वापरतात.

आता ड्राइव्हवेचा उतार आठवा. ज्या यंत्रात सगळं आपल्या वजनाने उतरतं, ते तिरकं उभं केलं की आतलं पाणी नको तिथे साचतं. तळाशी आच चालूच असते, पण पाणी फिरून येत नाही. नळी कोरडी तापत राहते, आणि गंज रोखायला आत घातलेलं सोडियम क्रोमेट तिथेच घट्ट होऊन वाट बुजवतं. असे फ्रिज साधारणपणे आडव्या दिशेला 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंशांपर्यंतचा कल सहन करतात. गाडी धावत असताना आतलं पाणी हिंदकळत राहतं, म्हणून चालून जातं. उभ्या गाडीत मात्र दर वेळी थोडं थोडं नुकसान साचत जातं. आमचा ट्रेलर जुना घेतलेला होता. आधीच्या मालकाकडे तो किती वेळा असा उताराला उभा राहिला असेल कोण जाणे. नणंदेचा ड्राइव्हवे फक्त शेवटचं निमित्त झाला. आणि ती पिवळी पूड म्हणजे फुटलेल्या सांध्यातून बाहेर आलेलं तेच क्रोमेट. ते विषारी असतं, उघड्या हाताने पुसू नका. वास आला की गॅस बंद, वीज बंद, दारं-खिडक्या सताड उघडी आणि माणसं बाहेर. बाकीचं नंतर बघता येतं.

हे मी एवढं जोर देऊन सांगते, कारण गळती आणि ज्योत एकाच खणात असतात. डोमेटिक कंपनीने 2006 मध्ये अमेरिकेत असे 9 लाखांहून अधिक फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले, कारण तापणाऱ्या नळीला तडा जाऊन आतला पेट घेणारा माल ज्योतीजवळ सुटू शकत होता. जुना ट्रेलर घेणाऱ्याने फ्रिजचा मॉडेल नंबर अशा यादीत आहे का, हे तपासलंच पाहिजे.

घरातल्या फ्रिजचं काम आपल्याला ठाऊक आहे. कॉम्प्रेसर वायू दाबतो, तो निवतो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. थोडा कल त्याला चालतो, चाळीस अंशांच्या उन्हात तो लवकर हार मानत नाही, आणि चार-पाच तासांत आतली हवा गार करून टाकतो. आचेवरच्या फ्रिजला त्यासाठी आठ ते बारा तास लागतात, म्हणून आम्ही निघायच्या आदल्या रात्रीच तो सुरू करायचो. उंचावर तर ज्योतीचाही जीव गुदमरतो. 5,500 फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या थोडं वर गेलं की हवा विरळ होते, ज्योत विझू शकते. कोलोरॅडोत आम्ही हे सोसलंय.

हे वाचून वाटेल की मग प्रश्नच मिटला, घरातलाच बसवावा. इथेच सगळे फसतात. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा एक नियम लहान मुलांनाही पाठ होता: इन्व्हर्टरवर फ्रिज लावायचा नाही. ट्रेलरमध्ये घरातला फ्रिज बसवायचा म्हणजे नेमका हाच नियम रोज, रात्रंदिवस मोडायचा. आणि मोडायचाच असेल तर पुरेशा तयारीने मोडायला हवा.

हिशेब सोपा आहे. अमेरिकेत घरातल्या प्रत्येक नव्या फ्रिजवर पिवळं लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेलं असतं. समजा 365 युनिट. म्हणजे दिवसाला 1 युनिट. 12 व्होल्टच्या बॅटरीतून एवढी वीज काढायला 83 एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लागतात. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तर 92-95. आणि फ्रिज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतःच्या पोटाला खातो. तो 15 वॉटने चोवीस तास जागा राहिला तर आणखी 30 एएच. झाले सव्वाशे. घरातली 150 एएचची साधी ॲसिडची बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे 75. चौदा-पंधरा तासांतच ती संपेल आणि दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल यांना काहीच उरणार नाही. आम्ही शेवटी घरातलाच फ्रिज घेतला आणि त्यासाठी 100 एएचच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणि छपरावर 400 वॉटचे सोलर पॅनल बसवले. ढगाळ दिवशी अजूनही मी बॅटरीचा आकडा बघतच असते. फ्रिज स्वतः आरव्हीच्या नव्या फ्रिजच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाला होता, पण या सगळ्यासकट खर्च त्याच्या पुढे गेला.

उलट बाजूही बघा. आचेवरचा फ्रिज गॅसवर असेल तर 20 पौंडांचा सिलिंडर, म्हणजे आपल्या घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरपेक्षा लहानच, त्याला एकट्याला दहा-बारा दिवस सहज पुरतो. बॅटरीतून त्याला फक्त कंट्रोल बोर्डापुरती चिमूटभर वीज लागते. तोच फ्रिज विजेवर लावा, की साधारण 350 वॉटची कांडी दिवसाचे बारा तास जरी पेटली तरी 4 युनिटांच्या वर जातो. घरातल्या फ्रिजच्या चौपट! म्हणून 'दोन्ही फ्रिज विजेवर चालतात, मग फरक काय' असं कोणी म्हणालं की मी हे दोन आकडे पुढे ठेवते. विजेवर चालणं आणि विजेवर परवडणं वेगळं.

बसवतानाही दोघांच्या गरजा उलट्या. आचेवरच्या फ्रिजमागे धूर आणि गरम हवा जायला खाली जाळी आणि वर छपरापर्यंत पोकळी लागते. घरातल्या फ्रिजला ती पोकळी नकोच. ती उघडी ठेवली तर धूळ, पाऊस, मुंग्या थेट मोटरवर येतात. आम्ही ती आतून फोमच्या पाट्या लावून बंद केली. पण घरातल्या फ्रिजच्या कुशी तापतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना आणि वर मोकळी हवा हवी. आरव्हीच्या कपाटात फ्रिज घट्ट बसवलेला असतो, तिथे तेवढी जागा सुताराकडून करून घ्यावी लागते. गॅसची नळी नुसती वाकवून सोडायची नाही. तिच्या तोंडाला पितळेचं टोपण आटे धरून बसवायचं आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबांनी ते तीनदा बघितलं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन चौथ्यांदा बघितलं.

फ्रिज दारातून आत नेणं हेच अर्ध्या दिवसाचं काम झालं. ट्रेलरचं दार 26 इंच, फ्रिज 24. फ्रिजची दारं काढली, ट्रेलरच्या दाराची मूठ काढली, जुन्या गोधड्या गुंडाळल्या आणि थोडा आडवा करून सरकवला. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, म्हणून उभा करून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी सुरू केला. घरातल्या फ्रिजचं दार फक्त चुंबकावर मिटतं. पहिल्याच वळणावर ते उघडून दह्याचा सट जमिनीवर आला. आरव्हीच्या फ्रिजला कडी असते ती याचसाठी. आता आम्ही निघताना दाराला पट्टा लावतो.

आम्ही बहुतेक वेळा विजेची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर उतरतो, त्यामुळे आमचा निर्णय आम्हाला फळला. आमचे एक स्नेही हिवाळ्यात ॲरिझोनाला क्वार्टझसाइटच्या सरकारी वाळवंटात महिनोनमहिने राहतात. तिथे उभं राहायच्या जागेवर ना वीज, ना नळ. त्यांचाही फ्रिज असाच गेला तेव्हा त्यांनी मला विचारलं आणि मी त्यांना घरातला फ्रिज घेऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी फ्रिजचं खोकं तेच ठेवलं आणि पाठीचं नळ्यांचं जाळं तेवढं नवं बसवून घेतलं. हेही करता येतं, आणि पुष्कळांना ते सुचत नाही. बसवल्यावर त्यांनी ट्रेलरखाली फळ्या सरकवल्या, फ्रिजमध्येच पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला, पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून आत ठेवलं आणि बर्नर पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी फोटो पाठवला. पाणी 38 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 3 अंश सेल्सियसवर होतं, आणि पेल्याशेजारी दुधाची पहिली पिशवी ठेवलेली होती.