बंद संगणक ठरल्या वेळी उठवणे : पार्श्वभूमी

राउटरमध्ये किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्रॉनची (ठरल्या वेळी काम करून देणाऱ्या सोयीची) एक ओळ टाकली, की पहाटे ५ वाजता मॅजिक पॅकेट (झोपलेल्या यंत्राला उठवणारा नेटवर्कवरचा संदेश) सुटतं आणि आतल्या खोलीतला संगणक बॅकअपसाठी उठतो. नाही उठला तर आपण आधी वेळापत्रक तपासत बसतो. घोळ मात्र बहुतेकदा ‘बंद’ या शब्दात असतो.

हे पॅकेट १९९५ मधलं, अमेरिकेतल्या एका चिप कंपनीनं मांडलेलं. आधी सहा बाइट एफएफ (सगळे बिट एक), मग त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. नेटवर्क कार्डाला बाकी काही समजावं लागत नाही, एवढी खूण ओळखली की पुरे. त्याच वर्षी एटीएक्स पॉवर सप्लाय आला आणि संगणक बंद असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्ट मिळू लागले. कार्डापासून बोर्डापर्यंत जाणारी तीन तारांची छोटी केबल जुन्या लोकांना आठवत असेल. पुढे पीसीआय स्लॉटमधूनच वीज मिळायला लागली आणि ती केबल गेली.

१९९९ पासून एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कवर ब्रॉडकास्ट (सगळ्या यंत्रांना एकदम जाणारा संदेश, मॅजिक पॅकेटही सहसा असंच जातं) सोडण्याची सोय राउटरमध्ये मुळातच बंद ठेवण्याचा संकेत रूढ झाला. स्मर्फ हल्ल्यांमुळे (ब्रॉडकास्टला येणाऱ्या उत्तरांचा एकाच यंत्रावर मारा) ते गरजेचंच होतं. तेव्हापासून पॅकेट पाठवणारं यंत्र घरातच असलेलं बरं.

खरा वाद २०१२ चा, विंडोज ८ चा. ‘शट डाउन’ दाबल्यावर यंत्र पूर्ण बंद होण्याऐवजी अर्धवट हायबरनेट होऊ लागलं (चालू स्थितीचा काही भाग डिस्कवर साठवून बंद), म्हणजे सकाळी पटकन चालू व्हावं. त्याच वेळी ठरलं, की बंद करताना नेटवर्क कार्ड जागं ठेवायचं नाही. कारण असं दिलं गेलं, की बंद केलेलं यंत्र वीज खाणार नाही अशी लोकांची अपेक्षा असते. लॅपटॉपपुरतं हे पटतं. पण सतत प्लगला लावलेल्या डेस्कटॉपनं काय गुन्हा केला होता? विंडोज ७ मध्येही पूर्ण बंद यंत्र उठवण्याला अधिकृत आधार नव्हता, हे मान्य. तरी कार्ड जागं राहायचं आणि लोकांची कामं चालायची. ती एका अपग्रेडनं थांबली. माझ्या मते निवड वापरणाऱ्यावर सोडायला हवी होती. आजही पहिला उपाय तोच, फास्ट स्टार्टअप, म्हणजे हेच अर्धवट हायबरनेट, बंद करा. त्यानंतरही यंत्र उठेल की नाही हे बायोस (मदरबोर्डातली मूळ सेटिंग्ज) आणि ड्रायव्हरवर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). म्हणून जाणकार यंत्र ‘स्लीप’मध्ये ठेवतात; तिथून उठणं अधिकृत आहे.

युरोपात २०१३ पासून बंद उपकरणाला जेमतेम अर्धा वॅट वापरायची मुभा उरली. बायोसमधला ‘ईआरपी’ पर्याय त्या नियमातून आलेला. तो चालू असेल तर कार्डाची वीज बहुधा तुटते.

आपल्याकडे त्यात भिंतीवरच्या बोर्डावरचं बटण. रात्री झोपताना ते खाली करायची सवय घरोघरी आहे, आणि मग कुठलंच पॅकेट उपयोगाचं नाही. वीज जाऊन आली तरी काही यंत्रं एकदा हातानं चालू केल्याशिवाय पॅकेट ऐकत नाहीत. झोपण्यापूर्वी संगणकाच्या मागे वाकून केबलच्या खोबणीतला दिवा बघा. यंत्र बंद असूनही तो लुकलुकत असेल तर कार्ड जागं असण्याची आशा आहे. विझलेला असेल तर क्रॉनला हात लावू नका, आधी बायोस उघडा.