अवर्षणातून निघालेली साथ : चिकुनगुन्याची पार्श्वभूमी

डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले बोट पावसाकडे जाते; परंतु चिकुनगुन्याच्या या शतकातील जगभरच्या फैलावाची सुरुवात अवर्षणात झाली, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

हा विषाणू प्रथम १९५२-५३ मध्ये, आज टांझानियात असलेल्या मकोंडे पठारावरील साथीत ओळखला गेला. सांधेदुखीने वाकून गेलेल्या रुग्णाच्या अवस्थेवरून त्याला मकोंडे भाषेतले हे नाव मिळाले. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याच्या साथी आल्या. बार्शीचे ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाला लागून आलेले, हा योगायोग नोंदवून ठेवावा असाच आहे. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात मोठी साथ आली नाही.

२००४ मध्ये केनियाच्या लामू बेटावर नेहमीपेक्षा अधिक कोरडे आणि उष्ण दिवस लांबले. पाणी दुर्मिळ झाल्याने लोक ते घरात साठवू लागले, आणि मोलाचे पाणी ओतून भांडी कोरडी करणे कोणालाच परवडणारे नव्हते. एडिस इजिप्ती डासाला अंडी घालायला असे साठवणीचे पाणी आयतेच मिळते. शिवाय उष्णतेमुळे डासाच्या शरीरात शिरलेला विषाणू त्याच्या लाळग्रंथींपर्यंत लवकर पोहोचतो आणि तो डास लवकर रोग पसरवू लागतो. लामूची बहुसंख्य वस्ती आजारी पडली. तिथून विषाणू कोमोरोस बेटांवर आणि २००५ मध्ये रियुनियन बेटावर गेला.

रियुनियनमध्ये जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. तिथे मुख्य वाहक होता एडिस अल्बोपिक्टस हा दुसरा डास. साथ पुढे सरकत असताना विषाणूच्या बाह्य आवरणातील ई-१ या प्रथिनात २२६ व्या स्थानी अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, आणि या एका बदलाने त्याला या डासात शिरकाव करणे कितीतरी सोपे झाले. हवामानाने हा बदल घडवला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. विषाणूच्या नकला तयार होताना चुका होतच असतात. त्यांतली कोणती टिकेल, हे मात्र त्या प्रदेशात कोणता डास तग धरतो यावर ठरते, आणि डासाचे तग धरणे हवामानाशी बांधलेले आहे. या बेटाच्या सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्येला संसर्ग झाला.

महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशासह भारतात २००६ मध्ये उसळलेल्या साथीत संशयित रुग्णांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. तेव्हाच्या विषाणूत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळमध्ये तो दिसला, तोही स्वतंत्रपणे उद्भवलेला. केरळच्या रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांमध्ये पावसाचे पाणी साचते आणि तिथे अल्बोपिक्टस वाढतो. त्याच उन्हाळ्यात केरळहून गेलेल्या एका प्रवाशामार्फत हा विषाणू इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात पोहोचला. अल्बोपिक्टसची अंडी थंडीतही टिकतात, त्यामुळे हा डास तिथे आधीच स्थिरावला होता, आणि दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली.