वेंगुर्ले: घाटवाटेने मोठं केलेलं बंदर

वेंगुर्ले एका दिवसात आरामात फिरून होतं. सकाळी बंदर, मग डच वखार आणि बाजारपेठ, उन्हं कलली की सागरेश्वरची पुळण. पण सिंधुदुर्गातल्या एवढ्याशा गावात डच कशाला आले आणि गावाच्या एका भागाला ‘कॅम्प’ का म्हणतात, हे समजायला समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीकडे पाहावं लागतं. डोंगरापलीकडे बेळगाव आहे, आणि माझ्या मते वेंगुर्ल्याचं भलंबुरं त्या वाटेनेच ठरवलं.

सुरुवात मात्र गोव्यापासून झाली. १६३७च्या सुमारास डचांनी इथे, आदिलशाहीच्या मुलखात, वखार घातली. पाऊस ओसरला की त्यांचं आरमार मांडवीच्या मुखाशी जाऊन पोर्तुगीजांची कोंडी करायचं. महिनोन्‌महिने समुद्रात उभ्या असलेल्या त्या जहाजांना धान्य, पाणी आणि गोव्यातल्या खबरा पोचायच्या वेंगुर्ल्यातून. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच निघून गेले. वखारीचं छप्पर केव्हाच गेलंय, जाड भिंतींत झाडांनी मुळं रोवलीत. कोकण किनाऱ्यावर डचांची अशी खूण दुर्मीळ, तिची ही पडझड बघवत नाही.

१८१२मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेलं आणि १८१८मध्ये बेळगावही त्यांच्या हाती पडलं. तिथे लष्करी छावणी झाली आणि तिचं बंदर म्हणून वेंगुर्ले भराला आलं. पलटणी आणि सामान इथे उतरायचं (‘कॅम्प’ हे नाव त्यातलंच), घाट चढून बेळगाव गाठायचं. त्यासाठीच पुढे आंबोली घाटाचा गाडीरस्ता बांधला गेला. वरून कापूस आणि धान्य खाली यायचं, खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. १८७६मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली, ती या भरभराटीच्या काळात.

१८८०च्या दशकात मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे चढली आणि बैलगाड्यांचा हा धंदा तिकडे वळला. बंदर अगदी ओस पडलं नाही. मुंबईच्या आगबोटी येत राहिल्या; चाकरमानी पडावातून बोटीपर्यंत जायचे, पावसाळ्यात तेही बंद. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती गेली कुडाळ-सावंतवाडीवरून.

बंदरानंतरची ओळख दिली काजू-आंब्याने. १९५७मध्ये इथे फळ संशोधन केंद्र सुरू झालं. नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा इथेच तयार झाला. काजू मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला; त्याच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती या केंद्राच्या. कोकणातला शेतकरी आज काजूची कलमं घ्यायला जातो तेव्हा गावाचं नाव घेऊनच मागतो: “वेंगुर्ला चार आहे का?”